ठसा

जाळीच्या रबराला खालून शाई,
त्याखाली कागद, वर पाऊल.
एकदाच टेकायचं, घासायचं नाही.
जिथं भार जास्त तिथं शाई जास्त काळी.
मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत
एकवीस वर्षं मी हे कागद वाचतोय.

कल्लव्वा बिरादार, जतकडची,
सांगलीच्या यार्डात हळद निवडते.
शाई बघितली तशी तिनं
डाव्या हाताचा अंगठा पुढं केला, सवयीनं.
हाताचा नको मावशी, पायाचा.
ती हसली, "आता पायानंबी सही व्हय?"

टाचेच्या भेगांत हळद बसलेली,
कितीही धुतली तरी न जाणारी.
कागदावर अंगठ्याखाली एक काळाकुट्ट रुपया,
आणि शेजारच्या बोटाला चंद्रकोरीएवढी रेघ.
जोडव्याची.
खोडाला बांधलेली तार झाड गिळत जातं,
तसं बोटानं जोडवं गिळत आणलेलं.
दुखतं का?
"न्हाई की. काय बी न्हाई."
हे 'काय बी न्हाई' ऐकलं
की माझ्या पोटात कालवतं.
दुखणाऱ्या पायाचं सोपं असतं.

वडील माझे पैलवानांच्या वहाणा करायचे,
करकर वाजणाऱ्या, तेल पाजलेल्या.
म्हणायचे, नवी वहाण चावणारच,
आठ दिवस चावते, मग पाय ओळखते.
खरं होतं त्यांचं,
चावलेलं ज्याला कळतं त्या पायापुरतं.
मी बिनदातांची चप्पल करतो.

जोडवी काढावी लागतील म्हटलं
तशी ती दाराकडं बघायला लागली.
दारात नवरा, तिची झिजलेली स्लीपर हातात धरून.
"चौतीस वर्सं," एवढंच म्हणाली.
तो म्हणाला, "काप की दादा,
त्यानं काय मी मरत न्हाई."
साबण झाला, दोरा गुंडाळून झाला, शेवटी पक्कड.
तिनं डोळे मिटून घेतले,
दुखलं म्हणून नव्हे.

मग मऊ रबराचे दोन थर,
भाराच्या जागी चमच्याएवढा खळगा,
तळ पुढून उचललेला, नावेच्या नाळेसारखा,
म्हणजे पाऊल बोटांवर मोडत नाही,
कलतं आणि पुढं जातं.
चपलेला अंगठा ठेवला नाही,
पायाचा राहावा म्हणून.
रंग तिनं सांगितला, तपकिरी.
"काळी नगं. काळी बघितली की
बाया पोतं घेऊन लांब बसत्यात."
काळी कुठल्या रोगाची, ते
तिनंही उच्चारलं नाही, मीही नाही.

तीन आठवड्यांनी आली ती अनवाणी.
चप्पल बाहेर, उंबऱ्याशी, नीट जोडून ठेवलेली.
"चपला करणाऱ्याच्या दारात
चपला घालून कसं यायचं?"
एप्रिलची फरशी, दुपारचे दोन.
मी ओरडलोच तिच्यावर.
बाहेर जाऊन चप्पल उचलून आणली,
आत हात घातला तर ऊब होती,
पायाची की उन्हाची, मला सांगता आलं नाही.

या वेळी कागद चपलेच्या आत.
चार पावलं चालवून काढला.
रुपया मोडला होता.
सगळ्या तळव्यावर चिल्लर पसरलेली,
फिकी, राखाडी, कुठंच काळं नाही.
मी दोनदा उजेडात धरून बघितला.

फॉर्मवर शेवटचा रकाना असतो:
आराम वाटतो का? हो, नाही.
"मला काय इचारतोस? पायाला इचार.
दोन वर्सं झाली, त्यो माझ्याशी बोलत न्हाई."
पेन तसंच राहिलं माझ्या हातात.
तेव्हा दारातून नवरा बोलला,
कुणाला सांगावं की नको अशा आवाजात,
"रोज राती मी बघतोय की, बॅटरी लावून.
बोटाबोटामधी. आठ दिवस झालं, लाल न्हाई कुठं."

हो-नाहीच्या मधल्या जागेत
मी बारीक अक्षरात लिहिलं:
लाल नाही.